फुकट म्हणजे किती रुपये?



आमच्या वस्तीतल्या एका ताईंनी परवा विचारले, "भाऊ, पोरगं टीव्हीवर खेळायचा गेम घ्या म्हणून हटून बसलंय. घ्यावा का नको? का मोबाईलातलाच बरा? तो तर फुकट हाय."

प्रश्न साधाच आहे. पण त्यातला शेवटचा शब्द काही मला चैन पडू देईना. मी पडलो कारकून. बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवले होते, की एका बाजूला काही जमा झाले तर दुसऱ्या बाजूला ते कोणाच्या तरी नावे पडलेच पाहिजे. त्याशिवाय ताळा जुळत नाही. मग फुकट मिळालेली वस्तू कोणाच्या नावे पडते?

तेव्हा या खेपेला थोडे खेळाच्या यंत्राबद्दल, थोडे खाण्याबद्दल आणि थोडे चमत्कारिक बातम्यांबद्दल बोलू. विषय तीन दिशांचे वाटतील, पण वही एकच आहे.

टीव्हीला जोडायचे यंत्र

आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांना १९९० नंतरची ती यंत्रे आठवत असतील. 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशी त्यांची नावे. टीव्हीला वायर जोडायची, वरून कॅसेट खोचायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा खेळ, बदके मारायचा खेळ. ज्याच्या घरी यंत्र, त्याच्या दारात चपलांचा ढीग. आणि ज्यांच्या घरी टीव्हीच नव्हता ती आम्हा पोरांची फौज तासावर पैसे घेणाऱ्या दुकानात जायची. पैसे जमवायला आठवडा लागायचा आणि तास मात्र डोळ्यादेखत संपायचा.

ही यंत्रे म्हणजे नक्कल होती. अस्सल यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे. जुलै १९८३ मध्ये ते 'फॅमिली कॉम्प्युटर' या नावाने जपानात बाजारात आले, १९८५ मध्ये अमेरिकेत गेले, आणि जगभरात सहा कोटींच्या वर खपले. तैवान-चीनकडे त्याच्या नकला तयार झाल्या, त्या आपल्या गावागावांत पोचल्या. गंमत अशी, की ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात सुरू झाली ती पत्ते बनवण्यासाठी. कंपनी पत्त्यांची, आणि तिने काढले लेकरांचे यंत्र. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्या कॅसेटींवर '९९९९९९९ इन १' असे छापलेले असे. म्हणजे एका कॅसेटमध्ये जवळजवळ एक कोटी खेळ! आमच्यातल्या एका पोराने चिकाटीने यादी तपासली. खेळ मोजकेच निघाले, तेच तेच नाव बदलून खालून वर आणि वरून खाली लावलेले. फुगवलेला आकडा कसा ओळखायचा, याचा पहिला धडा आम्हाला शाळेच्या आधी त्या कॅसेटने दिला. पुढे निवडणुकीतली आश्वासने ऐकताना तो फार उपयोगी पडला.

बदके मारायच्या खेळातली बंदूक तर मोठीच गंमत. आम्हाला वाटायचे, बंदुकीतून काहीतरी निघते आणि पडद्यावर लागते. खरे तर उलटे होते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा भाग होता. त्याला पांढरे दिसले की बदक मेले. म्हणजे बंदूक मारत नव्हती, बघत होती! हे सारे जुन्या पेटीसारख्या टीव्हीच्या चालीवर बेतलेले. म्हणून आजच्या चपट्या टीव्हीपुढे ती बंदूक धरली तर एकही बदक मरत नाही. एखाद्या घरी माळ्यावर जुने यंत्र पडलेले असेल तर पोरांना हे जरूर सांगा. विज्ञानाचा तास फुकटात होईल. पाहा, आला पुन्हा तो शब्द!

परभणीत दर फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. उरुसातल्या खेळण्यांच्या दुकानांत हातात धरायचा ठोकळ्यांचा खेळ असायचा. वरून ठोकळे पडतात, ते ओळीत बसवायचे. हा मूळ खेळ 'टेट्रिस'. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव नावाच्या संशोधकाने तो तयार केला. खेळ जगभर गेला, कंपन्या त्यावर गबर झाल्या. पण हक्क सोव्हिएत सरकारकडे असल्यामुळे ज्याने तो घडवला त्याला त्याचे मानधन मिळू लागले १९९६ साली, बारा वर्षांनी. राबणारा एक आणि जमा दुसऱ्याच्या खात्यावर, हा ठोकळ्यांचा खेळ आपल्या लोकांना नवा नाही.

आता ताईंचा प्रश्न. आजचे मोठे यंत्र घ्यावे का? 'प्लेस्टेशन ५' भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले, तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २३८ रुपये. भागाकार करून पाहा. २१० दिवस उन्हात खोदकाम केले तरी यंत्राला दहा रुपये कमीच पडतात. केंद्राच्या कायद्याने त्या वेळी एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिलेली होती. म्हणजे दोन वर्षांचे हमीचे सगळे दिवस आणि वर अकरा दिवस, तेही घरात कोणी काही खाल्ले-प्याले नाही तर. शिवाय खेळ वेगळे विकत घ्यायचे ते निराळेच. आपल्या घराला हे परवडत नाही, हे पोराला न रागावता, असाच कागदावर भागाकार करून दाखवावे. "तुझी लायकी नाही" असे म्हणू नये. लायकीचा तिथे काही संबंध नाही, संबंध मजुरीचा आहे.

परंतु बाजारात आजही साधी, जुन्या धर्तीची यंत्रे मिळतात. तसले एखादे घेतले तर आभाळ कोसळत नाही, असे माझे मत. त्यात एक मोठा गुण आहे. त्याची किंमत दुकानाच्या काउंटरवर कळते. एकदा पैसे मोजले की यंत्र पुन्हा हात पसरत नाही. ते तुमचे नाव विचारत नाही, रात्री दोन वाजता "ये, खेळायला ये" म्हणून हाक मारत नाही. बटण बंद केले की मुकाट बसते. आणि दोन खटके असल्यामुळे दोघांना शेजारी बसून खेळावे लागते.

फक्त एक बघा. दोन खटक्यांपैकी एक मुलीच्या हातात आहे का? आमच्या वेळच्या त्या दुकानात एकही पोरगी कधी दिसली नाही. त्या वेळी त्या नळावर होत्या, चुलीपाशी होत्या, धाकट्या भावाला कडेवर घेऊन होत्या. खेळ म्हणजे वेळ, आणि घरातला रिकामा वेळ कोणाला मिळतो यावरून घराची पारख होते. नागपूरची दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ रोजी, १९ व्या वर्षी, जॉर्जियातल्या बातुमी गावी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. अंतिम सामन्यात तिच्यासमोर होती कोनेरू हंपी, म्हणजे दोन्हीकडे भारताचीच लेक. अशा मुलीच्या हातात लहानपणी कोणीतरी पट दिला होता आणि "जा, पाणी भर" म्हणायच्या ऐवजी "तुझी चाल" म्हटले होते.

फुकटचा खेळ

आता मोबाईलमधल्या त्या 'फुकट' खेळाकडे वळू. तो उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत, हे खरे. मग कंपनीचा पगार कोण देतो? एक तर जाहिरात देणारा देतो. तो तुमच्या लेकराचे डोळे विकत घेतो, मिनिटाच्या भावाने. किंवा खेळच पोराला अशा जागी आणून अडवतो, की पुढे जायला पैसे मोजावे लागतात. आईच्या मोबाईलवर पैसे पाठवायचे ॲप असते, त्याचा नंबर पोराला पाठ असतो. तीस, पन्नास, शंभर असे पैसे जातात. किराण्याच्या वहीत ते दिसत नाहीत, महिनाअखेर फक्त कमी पडतात.

जुन्या यंत्रात कॉन्ट्रा खेळताना तीन जीव मिळायचे. पण वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे आणि मग दोन बटणे, असे दाबले की तीस जीव! तेराचा पाढा न येणाऱ्या पोरांना हे तोंडपाठ होते. ही युक्ती जपानच्या कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या एका खेळात प्रथम घातली होती. तेव्हा जादा जीव पाठांतराने मिळत होते, आता विकत मिळतात. एवढ्यात सगळे आले.

याच्याही पुढची पायरी म्हणजे पैसे लावून खेळायचा खेळ. रमी, तीन पत्ती, क्रिकेटचे संघ लावणे. मघाशी सांगितलेली पत्त्यांची कंपनी आठवा. तिने पुढे लेकरांचे खेळणे काढले. आणि आमच्या काळात त्या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या रंगीत पडद्यातून पुन्हा पत्ते बाहेर आले, तेही पैशाचे. चावडीमागे डाव मांडणाऱ्याला निदान चार माणसे बघत होती, हाक मारून घरी आणत होती. पांघरुणात तोंड घालून खेळणाऱ्याला कोण बघणार?

काम करताना अशी घरे पाहिली आहेत. एका घरात आईने बचत गटातून शिलाई मशीनसाठी कर्ज उचलले होते. पैसे तिच्या खात्यावर, खाते मुलाच्या मोबाईलवर. पहिल्या दिवशी मुलगा जिंकला, तेच वाईट झाले. तिसऱ्या आठवड्यात खाते रिकामे. मशीन आली नाही, हप्ता मात्र आला, आणि गटातल्या बाकीच्या बायांनी तो आपापसांत वाटून भरला. खेळ 'फुकट' उतरवून घेतला होता. पडला तो दहा बायांच्या नावे.

आपल्या गावाची म्हण आहे, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." जमले तर जमले, नाहीतर परत आपली परभणी आहेच. नोकरी शोधायला पुण्या-मुंबईला जाणाऱ्याला ही म्हण धीर देते. जुगारात मात्र ती चालत नाही. तिथे नाही बनले तर परभणीतले घरही हातात राहत नाही. तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला संपत्ती नासवणाऱ्या सहा वाटा सांगितल्या, त्यांत जुगार आहे. तो उपदेश घरसंसार चालवणाऱ्या माणसाला केलेला आहे, हे विशेष.

सरकारनेही अखेर यावर कायदा केला. ऑनलाईन खेळांविषयीचे विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झाले, आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, पैसे लावून पैसे जिंकण्याचा असेल तर तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे चांगले केले. बुडालेल्याला आणखी बुडवून काय मिळणार? म्हणून ज्याच्या घरी असे झाले असेल त्याने लाजून बसू नये, बोलावे. पैशाची ऑनलाईन फसवणूक झाली तर १९३० या नंबरवर तत्काळ फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

साध्या, बिनपैशाच्या खेळाचेही व्यसन लागू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची नोंद आजारांच्या यादीत केली, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण पोरगे दोन तास खेळले म्हणजे आजारी, असे नव्हे. खेळावर ताबा न राहणे, खाणे-शाळा-मित्र सगळे मागे पडणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, असे साधारण वर्षभर चालले तर तो आजार. तेव्हा मारझोड न करता डॉक्टरांकडे न्यावे. आणि अगदी लहान लेकरांच्या बाबतीत त्याच संघटनेने २०१९ साली सांगून ठेवले आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसाला एक तासाहून जास्त नको. घास भरवताना मोबाईल समोर धरणाऱ्या आयांनी आणि आज्यांनी हे ध्यानी घ्यावे. बाप लोकांनी तर घ्यावेच, कारण लेकरू बापाकडे बघूनच शिकते.

पाच रुपयांची पुडी

घासावरून खाण्याची गोष्ट निघाली. पोरगे खेळायला बसले की हाताशी चकचकीत पुडी लागते. पाच रुपयांची. पाच रुपये म्हणजे आजकाल फुकटच, असे आपण म्हणतो. चला, पुन्हा वही काढू.

पुडीवर वजन छापलेले असते. धरा, बारा ग्रॅम लिहिले आहे. पाच रुपयांना बारा ग्रॅम, म्हणजे किलोला ४१६ रुपये. आणि मालदांडी ज्वारीचा सरकारने २०२५-२६ साठी ठरवलेला हमीभाव आहे क्विंटलला ३,७४९ रुपये, म्हणजे किलोला साडेसदतीस रुपये. ती पुडी ज्वारीच्या अकरा पट महाग पडली! ज्याच्या शेतात आपण राबलो त्या ज्वारीला किलोमागे साडेसदतीस मिळवायची मारामार, आणि मीठ-तेल-हवा भरलेल्या पुडीला चारशे सोळा आपण मुकाट मोजतो. अंदाजावर जाऊ नका. तुमच्या घरच्या पुडीवरचे वजन बघा आणि पोरालाच भागाकार करायला लावा. गणितही होईल आणि पुढची पुडी मागताना त्याचा हात जरा अडखळेल.

त्याऐवजी काय द्यावे? शेंगदाणे द्या. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिने असतात. फुटाणे द्या, गूळ द्या. शिळ्या भाकरीचा कुस्करा लसणाची फोडणी देऊन करा. हुरड्याच्या दिवसांत हुरडा द्या. आणि ज्वारीला गरिबाचे खाणे म्हणून नाक मुरडू नका. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या 'इक्रिसॅट' संस्थेच्या साथीने 'परभणी शक्ती' नावाचे ज्वारीचे वाण २०१८ साली दिले. लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेले हे देशातले पहिले ज्वारीचे वाण. आपल्या आयाबहिणींच्या अंगात रक्त कमी असते, तेव्हा लोहाची गोष्ट महत्त्वाची. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि मोठमोठ्या हॉटेलांत आपली भाकरी ताटात मानाने आली. आपण ती टाकायला आणि त्यांनी ती उचलायला एकच गाठ पडली.

आपल्या खाण्याची लाज वाटू नये, ही गोष्ट एका पुस्तकाने फार चांगली सांगितली आहे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या दलित घरांत चुलीवर काय शिजत होते, तेल-तूप नसताना चव कशी आणली जात होती, वाळवलेल्या चान्या कशा जपून ठेवल्या जात होत्या, ते सगळे त्यांनी लिहून ठेवले. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. आमच्या आजीच्या हातचे जे पदार्थ पाहुणे आले की झाकून ठेवले जायचे, ते आज छापील पुस्तकात आहेत. ज्यांच्या आया-आज्या अजून हयात आहेत त्यांनी एका रविवारी वही घेऊन बसावे आणि त्यांच्याकडून दोन पदार्थ लिहून घ्यावेत. यालाही पैसा पडत नाही.

फुकटची बातमी

आता चमत्कारिक बातम्या. २१ सप्टेंबर १९९५. मी तेव्हा शाळेत होतो. सकाळीच बोंब उठली, की गणपतीची मूर्ती दूध पिते. मोबाईल नव्हते, घरोघर फोनही नव्हते, तरी दुपारपर्यंत बातमी देशभर आणि परदेशातही पोचली. देवळांपुढे रांगा लागल्या. सरकारी शास्त्रज्ञांनी रंग घातलेले दूध चमच्याने मूर्तीला लावून दाखवले. दूध पोटात न जाता मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळत होते. द्रवाच्या पृष्ठताणामुळे ते चमच्यातून खेचले जाते आणि दगडावरून वाहते. पांढऱ्या मूर्तीवर पांढरे दूध दिसत नव्हते, एवढाच चमत्कार. घरी वाटीभर दूध, चमचा आणि ओला दगड घेऊन कोणीही करून पाहावे. दगड कुठलाही चालतो.

ऑगस्ट २००६ मध्ये मुंबईत माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले, अशी बातमी उठली. माणसे बाटल्या भरभरून ते पाणी प्याली, लेकरांना पाजले. मुंबईची घाण जिथे येऊन मिळते ते ते पाणी. पिऊ नका म्हणून सरकारला सांगावे लागले.

इथवर आपण हसू शकतो. पुढच्या बातमीला हसता येत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यापासून मोबाईलवर एक बातमी फिरत होती, पोरे पळवणारी टोळी आली आहे म्हणून. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. भिक्षेवर पोट असणारे, अंगावर परक्या मुलखाचा वेश. जमावाने त्यांना पोरे पळवणारे ठरवले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून मारून ठार केले. पाचही जणांना. पळवलेले पोर एकही नव्हते.

ती बातमी फुकट आली होती. पुढे पाठवायलाही कोणाला एक पैसा पडला नव्हता. तिचे बिल पाच घरांत गेले. आणि गेले कोणाच्या घरात? ज्यांना गाव नाही, शिवार नाही, ओळख सांगायला शेजारी नाही, अशांच्या. अफवेचे बिल नेहमी सर्वांत दुबळ्याच्या दारात जाते. एकेकाळी गावात ढोर मेले, साथ आली, विहिरीचे पाणी बिघडले की बोट कोणाच्या वस्तीकडे वळायचे, हे आपल्या जुन्या माणसांना विचारा. म्हणून अफवेच्या बाबतीत आपल्याला बेफिकीर राहता येणार नाही. कालामांना केलेला उपदेश आपल्या घराघरात माहीत आहे, तो मी पुन्हा सांगत नाही. तो मोबाईल हातात असतानाही पाळायचा आहे, इतकेच म्हणतो.

त्या जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले. निरोपाच्या डोक्यावर दोन बाणांची खूण दिसली तर तो अनेक हातांतून फिरत आला आहे असे समजावे. एप्रिल २०२० पासून तसा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ती खूण दिसली की अंगठा आवरावा. कोणी लिहिले, कुठे घडले, कोणत्या तारखेचे, एवढे तरी पाहावे. तारीख आणि गाव नसलेली बातमी म्हणजे सही नसलेला चेक. आमच्या कचेरीत तसला चेक आम्ही परत करतो.

फुकट दोन प्रकारचे

इतके वाचून कोणी म्हणेल, फुकट ते सगळे वाईट. तसे माझे म्हणणे नाही, उलट आहे. आपल्या माणसांना "फुकटे" म्हणून हिणवणारे पुष्कळ भेटतात. शिष्यवृत्ती मिळाली की फुकटे, रेशन मिळाले की फुकटे, शाळेत खिचडी खाल्ली की फुकटे. त्यांना उत्तर देता आले पाहिजे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतल्या मुलांना शिजवलेले दुपारचे जेवण देण्याचा आदेश राज्यांना दिला. त्या जेवणाचे पैसे कोण भरते, हे उघड आहे. सरकारी तिजोरी भरते, आणि ती तिजोरी काडीपेटीपासून कपड्यापर्यंत प्रत्येक खरेदीवर कर देणारा मजूरही भरतो. तुमची आई भरते. ते फुकट नाही, तो हक्क आहे.

म्हणून वहीत दोन खाती वेगळी ठेवा. एक हक्काचे, दुसरे आमिषाचे. ओळखायची खूण सोपी आहे. हक्काच्या वस्तूचे पैसे कोण भरतो हे विचारले तर उत्तर मिळते, कायदा दाखवता येतो, कागद मागता येतो. आमिषाच्या वस्तूबद्दल तोच प्रश्न विचारा, समोरचा हसतो आणि म्हणतो, "तुम्ही घ्या तर खरे!" हक्काचे पोटात जाते, डोक्यात जाते, आणि माणूस वाढतो. आमिषाचे घरातून काहीतरी घेऊन जाते. कधी पैसा, कधी पोराची झोप, कधी पाच माणसांचे प्राण.

हक्काचे सोडू नका, त्यासाठी रांगेत उभे राहा, अर्ज करा, भांडा. आमिषाचे दारात आले तर तीन प्रश्न विचारा. याचे पैसे कोण भरतो? तो का भरतो? आणि आपण नाही म्हटले तर त्याचे काय जाते? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ना खेळ उतरवा, ना पुडी फोडा, ना बातमी पुढे ढकला.

जाता जाता एक. हे साप्ताहिक काही फुकट नाही. त्याचे पैसे तुम्हीच भरता, म्हणून त्यात काय छापले हे विचारण्याचा हक्कही तुमचाच. वर्गणी थकली असेल त्यांनी एवढे मनावर घ्यावे, म्हणजे संपादकांचाही ताळा जुळेल.

पुढल्या आठवड्यात भेटू. जयभीम!